दार करकरतेच का? : भयपटांविषयी वाचकांचे प्रश्न

भयपटांतील नेहमीच्या क्लृप्त्या आणि संकेत यांविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेक पत्रे पुणे शहर आणि आसपासच्या गावांतून आलेली आहेत. पत्रलेखकांची नावे न छापता केवळ त्यांचा परिसर दिला आहे, आणि जे प्रश्न एकमेकांत मिसळत होते ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : भयपटात एकदम मोठा आवाज होतो, पडद्यावर काहीतरी झेपावते आणि मी खुर्चीतच उडतो. तोच चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना पुढे काय होणार हे ठाऊक असते, तरीही तसेच होते. याला कला म्हणायचे की फसवणूक? (महाविद्यालयीन विद्यार्थी, कोथरूड)

उत्तर : अनपेक्षित मोठ्या आवाजाने पापण्या मिटणे, मान आखडणे, खांदे वर जाणे ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. ती सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात सुरू होते, त्यामुळे ‘हा तर चित्रपट आहे’ असा विचार मनात येण्यापूर्वीच शरीर आपले काम करून मोकळे झालेले असते. दुसऱ्यांदा पाहतानाही आपण दचकता ते यामुळेच. मन आधीपासून ताणलेले असेल तर हा दचका अधिक तीव्र होतो, आणि भयपटाची सारी मेहनत या आधीच्या ताणावर असते.

१९४२ साली निर्माते व्हॅल ल्यूटन आणि दिग्दर्शक जाक तुर्नर यांच्या ‘कॅट पीपल’ या चित्रपटात याचा पहिला गाजलेला नमुना दिसतो. रात्रीच्या वेळी एक तरुणी उद्यानाच्या भिंतीकडेने एकटी चालली आहे आणि मागून दुसऱ्या पावलांचा आवाज येत आहे. थोड्या वेळाने तो आवाज थांबतो. तरुणी घाबरून वेग वाढवते, मागे वळून पाहते, तर तिथे कोणी नसते. आणि आता हिंस्र पशू झेप घेणार असे वाटते त्याच क्षणी चौकटीच्या कडेने एक बस शिरते, जिच्या ब्रेकचा फूत्कार श्वापदाच्या गुरगुरण्यासारखा ऐकू येतो. संकलक मार्क रॉबसन यांनी जोडलेल्या या प्रसंगामुळे अशा खोट्या दचक्याला चित्रपटाच्या जगात आजही ‘ल्यूटनची बस’ म्हणतात. त्यात कोणालाही इजा होत नाही, तरीही प्रेक्षकाला फसवल्यासारखे वाटत नाही, कारण आधीच्या मिनिटभरात त्या तरुणीचे एकटेपण त्याने पुरेपूर अनुभवलेले असते.

माझ्या मते दचक्याची किंमत त्याच्या आधीच्या मिनिटावरून ठरवावी. १९९० सालच्या ‘द एक्सॉर्सिस्ट ३’मध्ये रुग्णालयाच्या लांब व्हरांड्याचे एक दृश्य बराच वेळ दुरून, कॅमेरा जराही न हलवता दाखवले आहे. एक परिचारिका रात्रपाळीची साधी कामे करत आहे, एका खोलीत जाते, परत येते. विशेष काहीच घडत नाही, आणि तेवढ्यासाठीच आपण त्या चौकटीतला प्रत्येक दरवाजा तपासू लागतो. त्यानंतर जे होते ते क्षणार्धात उरकते, पण त्याची पूर्ण वसुली आधीच्या स्थिरतेत झालेली असते. याउलट कपाटातून उडी मारणारे मांजर, मागून खांद्यावर पडणारा मित्राचा हात, स्नानगृहातील आरशाचे दार बंद करताच दिसणारा चेहरा, आणि या प्रत्येकाबरोबर वाद्यांचा कर्कश आघात, असे दर पाच मिनिटांनी होऊ लागले, की प्रेक्षक डोळ्यांऐवजी कान झाकून घेतो. अशा वेळी चित्रपटाने त्याला घाबरवलेले नसते, केवळ थकवलेले असते.

प्रश्न : माझे बालपण सदाशिव पेठेतील एका वाड्यात गेले. चौकातला हौद, दिवाळीतल्या पणत्या, बारा बिऱ्हाडांची ये-जा, अशा आनंदाच्याच आठवणी आहेत. मग चित्रपटात भूत नेमके जुन्या वाड्यातच का राहते? (निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ)

उत्तर : आपल्या प्रश्नातच उत्तराचा अर्धा भाग आहे. बारा बिऱ्हाडे नांदत असलेला वाडा भीतिदायक नसतोच. भयपटाला हवा असतो तो माणसे निघून गेलेला वाडा. पेठांमधील बरेचसे वाडे पाडून तिथे इमारती उभ्या राहिल्यामुळे आजच्या तरुण प्रेक्षकाने वाडा पाहिला तो बहुधा कुलूपबंद किंवा पडीक अवस्थेतच, आणि त्याच्या मनातले हे चित्र दिग्दर्शकाला आयते मिळते.

दुसरे कारण रचनेचे आहे. दिंडी दरवाजातून देवडी, देवडीतून चौक, चौकातून ओसरी, ओसरीमागे माजघर आणि त्याही मागे उजेड न पोहोचणारी खोली, अशी वाड्याची एकामागून एक उघडणारी दारे कॅमेऱ्याला चौकटीच्या आत चौकट देतात. भिंतीच्या जाडीतून वर जाणाऱ्या अरुंद जिन्यात समोरचे वळण संपेपर्यंत पुढचे दिसत नाही. वर माळा आणि खाली बळद किंवा तळघर, म्हणजे डोक्यावर आणि पायाखाली न पाहिलेली जागा शिल्लक राहतेच. ज्या घरात राहूनही त्याचे सगळे भाग दिसत नाहीत, ते घर भयपटाला सोयीचे असते. बिजागरी करकरते तीही याच हिशेबाने, कारण दार दिसण्याआधी ते ऐकू येते आणि कोणी उघडले हे कळायला मधे थोडा वेळ जातो.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. युरोपात १७६४ साली होरेस वॉलपोल यांची किल्ल्यातील भुताटकीची कादंबरी आली, तेव्हापासून एक संकेत रूढ झाला, की वास्तूत वावरणारे भय हे त्या घराण्याने केलेल्या अन्यायाचे फळ असते. पुणेकरांना हा संकेत शिकवावा लागत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांच्या हातून, पण घरातल्या भाऊबंदकीतून. ‘काका, मला वाचवा’ ही हाक अजून ऐकू येते अशी लोककथा त्या भिंतींना चिकटली, ती वाडा मोठा किंवा जुना होता म्हणून नव्हे. जिथे रक्षण व्हायला हवे होते तिथेच घात झाला, ही गोष्ट लोकांच्या मनाने सोडून दिली नाही. २०१८ सालच्या राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’मध्येही वाडा (ज्याचे काही चित्रीकरण आपल्याजवळच्या सासवडला झाले) आपोआप भयाण होत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची हाव त्याच्या तळाशी साचली आहे म्हणून तो भयाण आहे.

हे कारण हाती असेल तर वाड्याची गरजही उरत नाही. २००३ सालच्या ‘भूत’मध्ये मुंबईतली उंच इमारतीतली सदनिका पुरली. २०१७ सालच्या विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ या मराठी चित्रपटात उसाचा फड आहे. पुण्याहून बारामती किंवा फलटणच्या बाजूला गेलेल्या कोणालाही माहीत आहे, की पुरुषभर वाढलेल्या उसात दोन सऱ्या आत गेले की दिशा कळत नाही, पाते हलले तर वाऱ्याने की माणसाने हेही कळत नाही. दिवसाढवळ्या, लख्ख उन्हात त्या चित्रपटात जी भीती वाटते, ती मुलींना जन्माआधी किंवा जन्मताच संपवणाऱ्या समाजाची आहे. मराठी भयपटाने गेल्या काही वर्षांत केलेले हे सर्वांत मोलाचे काम आहे असे मी मानतो.

प्रश्न : दूरदर्शन संचाचा आवाज बंद केला की भीती एकदम कमी का होते? (संगीत शिक्षक, कात्रज)

उत्तर : डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. शिवाय दृश्य चौकटीच्या आतच असते, आवाज मात्र चौकटीबाहेरूनही येऊ शकतो, आणि भयपटातील निम्मे संकट चौकटीबाहेरच असते.

आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९६० सालच्या ‘सायको’तील स्नानगृहाच्या प्रसंगाला पार्श्वसंगीत नको, असे दिग्दर्शकांचे मूळ मत होते. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी तरीही संगीत रचले आणि ते ऐकल्यावर हिचकॉक यांनी मत बदलले. या संपूर्ण चित्रपटासाठी हरमन यांनी केवळ तंतुवाद्ये वापरली. व्हायोलिनचा मधुरपणा काढून घेऊन त्याच तारांवर गजाचे तुटक, उंच स्वरांतले आघात केले, की तो आवाज किंकाळीच्या जवळ जातो. माणूस किंवा प्राणी जिवाच्या आकांताने ओरडतो तेव्हा त्याचा स्वर फाटतो आणि खरखरीत होतो. प्राण्यांच्या धोक्याच्या हाकांचा अभ्यास करणारे कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञ डॅनियल ब्लमस्टीन यांनी २०१० साली सहकाऱ्यांसह शंभरावर चित्रपटांतील ध्वनी तपासून दाखवले, की चित्रपटांचे ध्वनीही अशा फाटलेल्या स्वरांचा उपयोग भावना चेतवण्यासाठी करतात. आपण संगीत शिक्षक आहात, तेव्हा सूर लागण्याने मन स्थिरावते हे आपल्याला सांगायला नकोच. भयपट नेमका तो स्थिरावा नाकारतो.

तालाचेही तसेच आहे. जॉन कारपेंटर यांनी १९७८ सालच्या आपल्या ‘हॅलोविन’साठी स्वतःच रचलेली पियानोची धून पाच मात्रांच्या आवर्तनावर चालते. चारच्या हिशेबाला सरावलेला पाश्चात्त्य कान दर आवर्तनाला किंचित अडखळतो आणि ती अस्वस्थता टिकून राहते. (झपतालात वाढलेल्या आपल्या कानांना पाच-दहाचा हिशेब परका नाही, त्यामुळे आपल्याकडच्या श्रोत्यावर ती धून बहुधा तिच्या न थांबण्याने परिणाम करते.) संगीताविना दाखवलेली या चित्रपटाची प्रत एका जाणकार प्रेक्षकाला मुळीच भीतिदायक वाटली नव्हती, असे कारपेंटर यांनी स्वतः सांगितले आहे. आपल्या प्रश्नाचे याहून थेट उत्तर मला माहीत नाही.

आपल्याकडील उदाहरण त्याहून जुने आहे. कमाल अमरोही यांच्या १९४९ सालच्या ‘महल’मधील खेमचंद प्रकाश यांनी संगीतबद्ध केलेले ‘आयेगा आनेवाला’ ध्वनिमुद्रित करताना, आवाज दुरून जवळ येत आहे असा भास व्हावा म्हणून लता मंगेशकर सुरुवातीच्या ओळी मायक्रोफोनपासून दूर उभ्या राहून गात गात जवळ येत गेल्या. त्या आवाजात भयानक असे काहीच नाही, उलट तो अतिशय गोड आहे. गाणारी कुठे आहे हे कळत नाही, एवढ्यावरच सारा परिणाम उभा आहे.

उरलेले आवाज बहुधा भलत्याच वस्तूंमधून निघतात. १९७३ सालच्या ‘द एक्सॉर्सिस्ट’मध्ये मुलीची मान फिरतानाचा आवाज ध्वनितज्ज्ञ गोंझालो गाविरा यांनी चामड्याचे जुने पाकीट पिळून काढला होता. आणि शांतता हाही आवाजच असतो. रातकिडे किरकिरत आहेत, पंखा फिरत आहे, आणि हे सारे एकाएकी थांबले, तर काहीही न दाखवता प्रेक्षक सावध होतो.

प्रश्न : या चित्रपटांतली माणसे इतकी मूर्ख का असतात? एकटीच तळघरात जातात, वेगवेगळ्या दिशांना पांगतात, मोबाइलला नेमके तेव्हाच नेटवर्क नसते. आणि शेवटी एक मुलगीच कशी वाचते? (संगणक अभियंता, बाणेर)

उत्तर : मदत मिळण्याची शक्यता असेपर्यंत भीती पुरती पकड घेत नाही, म्हणून कथेला माणसे एकटी पाडावीच लागतात. पूर्वी हे काम वादळ, वाहून गेलेला पूल आणि बंद पडलेली मोटार करत असे. आता ते मोबाइलच्या नेटवर्ककडे आले आहे. संकेत म्हणून याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्यामागे माणसाचे कारण नसण्याला. ‘लपाछपी’तील जोडपे पैशांच्या वसुलीसाठी मागे लागलेल्यांपासून लपायला त्या एकाकी घरात जाते, ‘तुंबाड’चा नायक पुन्हा पुन्हा मृत्यूच्या तोंडात उतरतो तो सोन्याच्या मुद्रांसाठी. यांना आपण मूर्ख म्हणत नाही, कारण त्यांच्या जागी आपणही कदाचित तेच केले असते.

वाचणाऱ्या मुलीविषयी अमेरिकेतील अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी १९८७ साली एक निबंध लिहिला आणि ‘अखेरची मुलगी’ ही संकल्पना मांडली. एकेक करून माणसे मारणाऱ्या खुन्याच्या चित्रपटांत सुरुवातीला आपण बहुधा खुन्याच्याच डोळ्यांनी पाहतो; ‘हॅलोविन’च्या आरंभीच्या प्रसंगात तर आपण मुखवट्याच्या भोकांतूनही पाहतो. शेवटाकडे येताना कॅमेरा हळूहळू त्या एका सावध, निरीक्षण करणाऱ्या मुलीच्या बाजूला जातो आणि प्रेक्षक, तो पुरुष असला तरी, तिच्या जिवाशी आपला जीव बांधतो. या संकेताची काळी बाजूही आहे: मौजमजा करणाऱ्या मुली आधी मरतात आणि ‘सोज्वळ’ मुलगी वाचते, असा निवाडा त्यातून अनेकदा दिला जातो, आणि तो मला अन्याय्य वाटतो. १९९६ सालच्या वेस क्रेव्हन यांच्या ‘स्क्रीम’मध्ये पात्रेच हे नियम एकमेकांना म्हणून दाखवतात. तेव्हापासून प्रेक्षकाला नियम माहीत आहेत असे धरूनच लेखकाला लिहावे लागते.

प्रश्न : आमच्या मावळात मुंजा, हडळ, वेताळ, चकवा यांच्या गोष्टी ऐकतच आम्ही मोठे झालो. हिंदी-मराठी चित्रपटांत मात्र बराच काळ पांढऱ्या साडीतली बाई आणि त्रिशूळ एवढेच दिसत आले. असे का? (शेतकरी वाचक, मुळशी)

उत्तर : पांढऱ्या साडीतली, मेणबत्ती घेऊन गात जाणारी स्त्री ही १९४९ ते १९६५ च्या दरम्यानच्या हिंदी चित्रपटांची देणगी. ‘महल’, १९६२ सालचा ‘बीस साल बाद’ आणि १९६४ सालचा ‘वह कौन थी’ या तिन्हींत शेवटी भूत खरे नसतेच. त्याच्यामागे माणूस आणि त्याचा काहीतरी हेतू निघतो. त्यामुळे त्या काळच्या चित्रपटांना भुताचे नियम ठरवण्याची गरजच पडली नाही.

लोककथेतली भुते मात्र नियमांनी बांधलेली असतात, आणि त्यांची खरी ताकद त्यातच आहे. मुंज झाल्यानंतर आणि सोडमुंज होण्याआधी गेलेला मुलगा मुंजा होतो, तो पिंपळावर राहतो. कोण, का, कुठे आणि कशाने शांत होतो, हे सारे गावाला ठाऊक असते. २०२४ सालच्या आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’ने हा मुंजा कोकणातून थेट पुण्यात आणला, आणि हिंदी असूनही तो चित्रपट आपल्या प्रेक्षकाला घरचा वाटला तो या नियमांमुळे. ‘तुंबाड’मधील हस्तर लोककथेतून घेतलेला नाही, तो रचलेला आहे, तरीही तो जुना वाटतो, कारण त्याला नियम आहेत. तो अन्नाचा भुकेला आहे, पिठाची बाहुली त्याला भुलवते, पिठाचे रिंगण त्याला अडवते. हे सर्व आपल्याला आधी शिकवले जाते आणि शेवटचे संकट त्याच नियमातून उभे राहते. जे भूत वाटेल ते करू शकते, त्याची भीती पहिल्या अर्ध्या तासातच विरते.

प्रश्न : रामसे बंधूंचे चित्रपट आमचे वडील अलका टॉकीजच्या चौकात उभे राहून वर्णन करून सांगत. आज ते पाहिले की स्वस्त आणि भडक वाटतात. त्यांचे एवढे कौतुक का? (औंध)

उत्तर : कारण त्यांनी एका कुटुंबाच्या बळावर हिंदीत एक पूर्ण चित्रपटप्रकार उभा केला. १९७० साली रामसे कुटुंबाचा एक चित्रपट अपयशी ठरला, पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात तेवढ्या एका प्रसंगाला लोक दाद देत होते, हे भावांनी थिएटरात बसून पाहिले. त्या निरीक्षणातून १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ आला. चित्रीकरणासाठी सगळे जण महाबळेश्वरला गेले, सरकारी विश्रामगृहात राहिले आणि काम घरच्या घरी वाटून घेतले: दिग्दर्शन तुलसी आणि श्याम यांचे, छायाचित्रण गंगू यांचे, लेखन कुमार यांचे, ध्वनी किरण यांचा. महाबळेश्वरचे धुके त्यांना फुकट मिळाले. १९८४ सालच्या ‘पुराना मंदिर’ने मोठे यश मिळवले.

भडकपणाविषयीचे आपले निरीक्षण बरोबर आहे. हिरवे-निळे झोत, रबरी मुखवटे, मध्येच येणारे विनोदी उपकथानक, हे सारे आज खटकते. गाणी आणि विनोद यांचा हेतू मात्र समजून घ्यावा असे मला वाटते. तीन तासांच्या चित्रपटात ताण सलग टिकवता येत नाही. तो सैल करून पुन्हा आवळावा लागतो, आणि तमाशातील सोंगाड्यापासून हे तंत्र आपल्या प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेले होते.

प्रश्न : आम्ही पाच मित्र मोबाइलवर दहा मिनिटांचा भयपट करणार आहोत. पैसे जवळजवळ नाहीत. कोणती तंत्रे उपयोगी पडतील? (पिंपरी-चिंचवड)

उत्तर : पैसे नसणे ही या प्रकारात अडचण नाही. १९७५ साली ‘जॉज’ करताना स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा यांत्रिक शार्क समुद्रात सतत बिघडत राहिला, म्हणून पहिला तासभर मासा जवळजवळ न दाखवता पाण्याखालच्या कॅमेऱ्याच्या नजरेवर आणि जॉन विल्यम्स यांच्या दोन स्वरांवर काम भागवावे लागले. चित्रपट गाजला तो त्यामुळेच. १९९९ सालच्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’मध्ये तीन नटांनीच कॅमेरे हाताळले आणि चेटकीण शेवटपर्यंत दिसलीच नाही. मात्र ‘सापडलेले चित्रीकरण’, म्हणजे पात्रांनीच केलेले चित्रीकरण नंतर कोणाला तरी सापडले, हा बहाणा वापरणार असाल, तर जीव धोक्यात असताना हा माणूस अजून चित्रीकरण का करत आहे, याचे उत्तर कथेत असायलाच हवे.

काही गोष्टी निश्चित सुचवतो. अंधारात मोबाइलचा कॅमेरा आपण होऊन उजेड वाढवतो आणि चित्र दाणेदार, करडे होते. म्हणून उजेडाची पातळी हाताने पक्की करून ठेवावी आणि शक्यतो दिवेलागणीच्या वेळी, आकाशात थोडा प्रकाश असताना चित्रण उरकावे. खोलीत एकच दिवा ठेवावा आणि तो बाजूने किंवा मागून यावा, समोरून नव्हे. पात्राला चौकटीच्या एका कडेला उभे करून उरलेली जागा रिकामी सोडावी. प्रेक्षक ती जागा स्वतः भरतो. २०१४ सालच्या ‘इट फॉलोज’मध्ये रुंद चौकटीत दूरवरून कोणीतरी संथपणे चालत येत असते, आणि ते ‘तेच’, म्हणजे पाठलाग करणारे संकट, आहे की साधा वाटसरू आहे हे शोधण्यात आपण गुंतून पडतो. या युक्तीला काही खर्च लागत नाही. डेक्कनच्या नदीकाठी किंवा निगडी-प्राधिकरणाच्या एखाद्या रिकाम्या रस्त्यावरही ती साधेल.

हालचालीत किंचित विसंगती आणायची असेल, तर १९९८ सालच्या जपानी ‘रिंगू’चे तंत्र पाहावे. त्यातील सादाको या भुताची हालचाल उलटी चालवून चित्रित केली आणि संकलनात पुन्हा उलटवली. पावले पुढे पडतात, पण शरीराचा तोल माणसासारखा राहत नाही. कॅमेरा तिरका धरण्याचा मोह मात्र आवरावा. १९२० सालच्या ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी’मध्ये रंगवलेल्या वाकड्या भिंती होत्या, कारण ते सारे जगच एका बिघडलेल्या मनातले होते. आपल्या कथेत तसे कारण नसेल तर तिरकी चौकट केवळ तिरकी दिसते. आणि जे थोडे पैसे असतील ते ध्वनीवर खर्च करावेत. जागेवरचा आवाज स्वतंत्रपणे मुद्रित करावा, विशेषतः कोणी बोलत नसतानाचा.

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा मुलगा भयपट पाहण्याचा हट्ट करतो. वर्गातल्या इतर मुलांनी पाहिले आहेत म्हणे. काय करावे? (सिंहगड रस्ता)

उत्तर : सेन्सॉर मंडळाच्या प्रमाणपत्रापासून सुरुवात करावी. नोव्हेंबर २०२४ पासून ‘यूए’ वर्गाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. हे आकडे पालकांना मार्गदर्शन म्हणून असतात. ‘ए’ प्रमाणपत्राच्या चित्रपटाला मात्र अठरा वर्षांखालील कोणालाही प्रवेश नाही. नऊ वर्षांच्या मुलासाठी ७+ च्या पुढे जाऊ नये, आणि त्या वर्गातील चित्रपटही आधी आपण स्वतः पाहावा, असे माझे मत आहे, कारण कोणत्या मुलाला कशाची भीती वाटते हे मंडळापेक्षा आईला अधिक ठाऊक असते.

त्याबरोबर चित्रपट कसा घडतो हे त्याला दाखवावे. हाड मोडल्याचा आवाज गाजर मोडून काढता येतो, ‘सायको’तले रक्त म्हणजे चॉकलेटचा पाक होता, ‘द एक्सॉर्सिस्ट’मध्ये श्वासाची वाफ दिसावी म्हणून खोलीच थंडगार केली होती, हे कळले की बहुतेक मुलांचे कुतूहल त्या दिशेने वळते. मध्येच बंद करायला सांगितले तर कोणी चिडवणार नाही, हे त्याला आधीच स्पष्ट सांगावे. चित्रपटगृहात जाणार असाल तर दुपारचा खेळ निवडावा आणि रांगेच्या कडेच्या खुर्च्या घ्याव्यात, म्हणजे त्याला बाहेर पडावेसे वाटले तर कोणालाही न उठवता पडता येईल.